मग तेव्हा का नाही दिलं?

चुकीचा गोल दिला गेला याचं मला फारसं नवल वाटत नाही. फुटबॉल बघत मोठा झालेला माणूस असल्या गोष्टी पचवायला शिकलेलाच असतो. ११ जून २०२४ च्या रात्री दोह्यात झाला तो गोलही मी एव्हाना पचवलाय, पण त्यानंतरचं मिनिटभर अजून घशात अडकून आहे. भारत कतारविरुद्ध एक-शून्यनं पुढे होता. छांगतेनं पूर्वार्धातच गोल मारलेला. जिंकलो असतो तर वर्ल्ड कपच्या पात्रता स्पर्धेत आपण पहिल्यांदाच तिसऱ्या टप्प्यात पोचणार होतो. छेत्री नुकताच कोलकात्यात निरोप घेऊन गेलेला, कप्तानपद गोलकीपर गुरप्रीतकडे आलेलं. त्र्याहत्तराव्या मिनिटाला यूसुफ अयमनचं हेडर गुरप्रीतनं अडवलं आणि चेंडू घरंगळत गोलखांबाच्या बाजूनं रेषेबाहेर गेला. आपली पोरं क्षणभर सैलावली. तेवढ्यात कतारच्या हाश्मी हुसेननं तो बाहेरचा चेंडू पायानं आत ओढला, अयमननं जाळ्यात ढकलला आणि पंचांनी गोल दिला. सगळे त्यांच्याभोवती जमले, हात करकरून रेष दाखवू लागले. पंच लाइनमनशी बोलले. निर्णय तोच राहिला. पंच्याऐंशीव्या मिनिटाला दुसरा गोल बसला आणि आपण स्पर्धेबाहेर.

ते दोघं काय बोलले असतील? लाइनमनला रेष दिसत होती का, की मध्ये कुणाचे पाय आले होते? की एकाला वाटलं दुसऱ्यानं बघितलंय आणि दुसऱ्याला वाटलं पहिल्यानं? महासंघानं रीतसर तक्रार केली, चौकशीची मागणी केली, वर्तमानपत्रांनी दोन दिवस मथळे दिले. निकाल बदलणार नव्हता, बदललाही नाही. मला निकाल नकोच होता. नक्की काय दिसलं म्हणून गोल दिलात, एवढं एक वाक्य हवं होतं.

त्या रात्री कोल्हापूरच्या पेठेतल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झोपायचं नाव कुणी घेत नव्हतं. गोललाइनवर लाल रेघ मारलेला फोटो अर्ध्या तासात चार वेगवेगळ्या लोकांनी टाकला. 'ह्येला गोल म्हनत्यात व्हय?' 'चेंडू भायेर जाऊन चहा पिऊन आला की लगा!' 'पंच न्हवं, जावई हाय त्यो कतारचा.' मी पुण्यात गॅलरीत उभा राहून हे वाचत होतो आणि हसूही येत होतं, कारण हीच माणसं, हीच वाक्यं, मी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर लहानपणापासून ऐकत आलोय. फरक एवढाच, की तिथं पंच कुणाचा जावई आहे हे खरोखरच ठाऊक असतं.

कोल्हापूरच्या फुटबॉलमधली गंमत आणि गोची दोन्ही तीच. तिथं पंच परका नसतो. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नुसती संघांची नावं नाहीत. गल्ल्या आहेत, तालमी आहेत, सोयरिकी आहेत. (माझा संघ कुठला ते लिहीत नाही. गावी गेल्यावर चारचौघांत चहा प्यायचा असतो.) शिट्टी वाजवणारा माणूस स्वतः कधीतरी यांपैकीच कुठल्यातरी तालमीकडून खेळलेला, नाहीतर त्याचा मेहुणा खेळलेला. दुपारी चार वाजता पायऱ्या अजून तापलेल्या असतात, बुडाखाली पेपर घेतल्याशिवाय बसवत नाही. पाठीमागे हलगी कडाडत असते, पुढं खाऱ्या शेंगदाण्यांच्या पुड्या फिरत असतात, आणि पंच मैदानात उतरायच्या आधी त्याची वंशावळ गॅलरीत वाचून झालेली असते. 'ह्यो आज? गेलं काम. ह्याची बहीण तिकडं दिलीया.' सामना सुरू व्हायच्या आधीच खटला उभा राहिलेला. मग पहिला फाऊल आपल्या विरुद्ध दिला की पुरावा मिळाला, आपल्या बाजूनं दिला की 'बघा, दाखवायला दिला'.

अशाच एका पंचाला मी जवळून ओळखतो. वडिलांचे मित्र, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. तरुणपणी हाफला खेळायचे, गुडघा गेल्यावर परीक्षा देऊन पंच झाले. आता सत्तरीकडे झुकलेत. सामन्याच्या दिवशी त्यांच्या दारातल्या तारेवर काळा शर्ट आणि काळी हाफपँट सकाळीच वाळत घातलेली दिसायची, त्यावरून गल्लीला कळायचं की आज आप्पांची ड्युटी आहे. पिवळं कार्ड छातीच्या खिशात, लाल मागच्या खिशात, म्हणजे घाईत हात चुकायचा नाही. शिट्टी मात्र ते गळ्यात घालत नसत. काळ्या नाडीत ओवून ती उजव्या हाताच्या दोन बोटांना गुंडाळलेली असायची. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "तोंडात शिट्टी आसली की डोकं चालायच्या आत वाजती. हातातनं तोंडापर्यंत यायला जेवढा येळ लागतोय, तेवढाच माझा विचार करायचा येळ." नंतर मी मोठमोठे सामने बघताना मुद्दाम पंचांचे हात बघायला लागलो. पुष्कळांची शिट्टी खरंच हातात असते.

शिव्यांबद्दल आप्पांची काही तक्रार नसे. "माझ्या आईला या स्टेडियमात जेवढी माणसं वळखत्यात तेवढी तिच्या माहेरात वळखत न्हाईत," म्हणायचे आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली सोडायचे. काकूंना मात्र त्रास व्हायचा. मोठ्या सामन्याला पोलीस बंदोबस्त असायचा, तो संपून गर्दी पांगेपर्यंत काकू दाराशी येरझाऱ्या घालत. एका फायनलनंतर आप्पा आठवडाभर आमच्या गल्लीतून गेले नाहीत, लांबच्या रस्त्यानं मंडईत जायचे. त्या सामन्यात त्यांनी आमच्या संघाला पेनल्टी नाकारली होती. माझे वडील त्यांचे जिवलग मित्र, तरी ते दोन दिवस गप्पच होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाऊन विचारलं ते असं नाही, की पेनल्टी का नाकारलीस. त्यांनी विचारलं, "मग महिन्यापूर्वी तशीच त्यांना का दिली होतीस?"

माझ्या मते प्रेक्षकाच्या साऱ्या तक्रारीचं मूळ या प्रश्नात आहे. पंचाला चुकायची परवानगी आपण मनातल्या मनात दिलेली असते. पण चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी यावी, अशी आपली अट असते. म्हणून फुटबॉलचा चाहता वहीखातं ठेवणाऱ्या वाण्यासारखा असतो. कुणाला कधी काय उधार दिलं गेलं, सारं त्याच्या लक्षात. पाच वर्षांपूर्वीचा हँडबॉल त्याला तारखेनिशी सांगता येतो. स्वतःच्या संघाला फुकट मिळालेलं पेनल्टी तेवढं त्या खात्यात चढलेलं नसतं, पण वाण्याकडून तरी आपण कुठं तशी अपेक्षा करतो?

आप्पांचं उत्तर मला वडिलांकडून कळलं. ते म्हणाले होते, "पहिल्या धा मिनिटात जसला फाऊल देतोय, तसलाच शेवटच्या धा मिनिटात द्यायचा, ह्यो माझा नेम. पन लोकं पहिली धा मिनिटं बसायला जागा हुडकत असत्यात." पेनल्टीबद्दल मात्र ते काहीच बोलले नाहीत.

बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर ३ मार्च २०२३ ला झालेला सामना ज्यांनी बघितला, त्यांना हे सगळं राष्ट्रीय पातळीवर कसं दिसतं ते ठाऊक आहे. इंडियन सुपर लीगची (आयएसएल) बाद फेरी, बंगळुरू विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, नव्वद मिनिटं गोलशून्य, जादा वेळ सुरू. छेत्रीला फ्री-किक मिळाली. केरळची पोरं भिंत कुठं उभी करायची ते ठरवत होती, गोलकीपर त्यांना हाका मारत होता, आणि छेत्रीनं शांतपणे चेंडू उचलून रिकाम्या जाळ्यात टाकला. पंचांनी गोल दिला. नियमात झटपट फ्री-किक घेता येते. पण पंचांनी एकदा अंतर मोजायला, भिंत हटवायला सुरुवात केली की शिट्टीची वाट बघावी लागते. म्हणजे वाद छेत्रीच्या हुशारीचा नव्हताच. पंच त्या क्षणी नेमकं काय करत होते, एवढ्याच गोष्टीचा होता. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी पोरांना मैदानाबाहेर बोलावलं आणि सामना तिथंच संपला. पुढं क्लबला ४ कोटींचा दंड झाला, प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी आली. शिक्षा व्हायलाच हवी होती. उद्या कुणीही उठून संघ बाहेर नेईल. तरी कोचीला त्यांचं जे स्वागत झालं, त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. कुणीतरी एकदा उठून विचारलं, याचंच लोकांना समाधान. दंडाचा आकडा सगळ्यांच्या लक्षात आहे. पंचांचं म्हणणं काय होतं, हे दहा चाहत्यांना विचारलं तर दहा तऱ्हेची उत्तरं मिळतील.

पंच विकला गेलाय, हे वाक्य मी हजारदा ऐकलंय, क्वचित म्हटलंही असेल. जगात तसे पंच झालेच नाहीत असं नाही. २००६ साली इटलीत निघालेल्या भानगडीत युव्हेंटसची विजेतेपदं काढून घेतली गेली, संघाला खालच्या श्रेणीत ढकललं गेलं. तिथं प्रकरण कुठल्या सामन्याला कुठला पंच लावायचा इथपर्यंत पोचलं होतं. पण रोजच्या सामन्यातला कल बहुधा इतका सरळ नसतो, आणि म्हणूनच तो जास्त त्रासदायक असतो. इंग्लंडमध्ये नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातले ४७ टॅकल ४० पंचांना टीव्हीवर दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, बाकीच्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. खोलीत बसून! समोर ना मैदान, ना दगड येण्याची भीती. पुढं कोविडच्या काळात रिकाम्या स्टेडियमांत सामने झाले, तेव्हा घरच्या मैदानाचा फायदा घटला आणि पाहुण्या संघांना एरवी जी जास्तीची पिवळी कार्डं मिळतात तीही कमी झाली, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. आप्पांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "मग हलगी काय उगंच वाजिवत्यात व्हय?"

म्हणजे आपण ओरडतो ते पंचाला कळतं, आणि नकळत थोडं उपयोगालाही येतं. पक्षपाताविरुद्ध ओरडणारा माणूस त्याच ओरडण्यानं दुसरीकडे पक्षपात घडवत असतो. हे कळल्यावर माझं ओरडणं कमी झालं का? अजिबात नाही. उलट आता शास्त्राचा आधार आहे.

यंत्र आलं की सगळं निवळेल, असं वाटण्याचे दिवसही बघून झाले. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगला आत टप्पा खाऊन बाहेर आला आणि गोल मिळाला नाही. त्या गदारोळानंतर गोललाइनचं तंत्र आलं, २०१४ ला ब्राझीलमध्ये वापरलं गेलं. ते उत्तमच; तिथं प्रश्नच हो किंवा नाहीचा आहे. २०१८ ला रशियात व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा पंच, आला आणि आपण बगलेचे केस मोजून ऑफसाइड ठरवू लागलो. पण हँडबॉल मुद्दाम होता का, टॅकलमध्ये जोर किती होता, धक्का लागला की घेतला, हे शेवटी कुणाच्या तरी मतावरच राहिलं. फक्त मत देणारा माणूस मैदानातून उठून स्क्रीनसमोर जाऊन बसला, अधिकच दूर, अधिकच मुका.

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात लिव्हरपूलच्या लुईस दियाझनं गोल मारला, लाइनमननं ऑफसाइडचा झेंडा वर केला. व्हीएआरवाल्यांनी रेघा मारून बघितलं, तो ऑफसाइड नव्हता. पण मैदानात गोल दिलाय, अशी त्यांची समजूत झाली होती. त्यामुळे 'तपासलं, सगळं बरोबर' एवढंच त्यांनी कळवलं, आणि बरोबर असलेला गोल रद्द राहिला. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर काही सेकंदांत घोटाळा त्यांच्याच लक्षात आला. लिव्हरपूल २-१ नं हरलं. दोन-तीन दिवसांनी त्या खोलीतलं ध्वनिमुद्रण जाहीर केलं गेलं. मी ते इअरफोन लावून ऐकलं. एकजण खेळ थांबवा म्हणतोय, दुसरा पुन्हापुन्हा म्हणतोय की आता काही करता येत नाही. घसा कोरडा पडलेला कळतो. मी लिव्हरपूलचा चाहता नाही, तरी त्या रात्री मला राग यायला हवा होता तेवढा येईना. चूक भयंकरच होती, आयपीएलमधल्या थर्ड अंपायरनंही कपाळावर हात मारावा अशी. पण ती कशी झाली ते मला पायरीपायरीनं ऐकू आलं होतं. लिव्हरपूलच्या चाहत्यांना तेवढ्यानं बरं वाटलं नसणार. मात्र दोह्याच्या गोलपेक्षा हा प्रकार मी लवकर विसरलो असतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मॅराडोनानं १९८६ च्या वर्ल्ड कपमध्ये हातानं मारलेल्या गोलचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. त्या सामन्याचे ट्युनिशियन पंच अली बेनासूर पुढं कित्येक वर्षं सांगत राहिले, की आपल्याला हात दिसला नाही, म्हणून आपण बल्गेरियाच्या लाइनमनच्या इशाऱ्याकडे बघत होतो. ऐकायला तोवर स्टेडियममध्ये कुणी उरलं नव्हतं. २०२२ साली तो चेंडू त्यांनी लिलावात काढला, २० लाख पौंड आले. खुलासा आधी झाला असता तर कदाचित एवढे मिळाले नसते.

दोह्याच्या सामन्यानंतर तीनच दिवसांनी जर्मनीत युरोपीय देशांची युरो स्पर्धा सुरू झाली. तिथं युरोपच्या फुटबॉल महासंघानं, युएफानं, आधीच जाहीर केलं होतं, की पंचाशी बोलायला फक्त कप्तानानं जायचं, आणि पंचानं त्याला निर्णयाचं कारण सांगायचं. कप्तान गोलकीपर असेल तर मैदानातला दुसरा एक खेळाडू आधी नेमून ठेवायचा, कारण गोलकीपरला तेवढं लांब पळत जाता येत नाही. हे वाचलं तेव्हा गुरप्रीत आठवला. एवढा साधा विचार! त्याआधी २०२३ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये पंचांनी स्क्रीन बघून आल्यावर माईकवरून निर्णय जाहीर करायला सुरुवात केलीच होती. घाबरत घाबरत, अडखळत बोलायच्या त्या, पण अख्ख्या स्टेडियमला ऐकू जायचं. आपल्याकडे व्हीएआरचा खर्च परवडत नाही हे मी समजू शकतो. दोन वाक्यं बोलायला किती खर्च येतो?

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा आप्पांशी यावरून चांगलाच वाद घातला. अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या, काकूंनी पन्हं दिलं होतं. मी म्हणालो, तुम्ही त्या फायनलच्या दिवशी तिथंच सांगितलं असतं, पेनल्टी का नाकारली ते, तर आठवडाभर लांबच्या रस्त्यानं जावं लागलं नसतं. आप्पा हसले. "सांगितलं आसतं तर काय शिव्या कमी पडल्या आसत्या? आता नुसती शिट्टीला देत्यात, मग वाक्याला दिल्या आसत्या. वर आनि व्याकरण काढलं आसतं." त्यांचं म्हणणं खोटं नाही. कारण सांगितलं की त्या कारणावरही वाद होणारच. पण तो वाद काय घडलं याचा असेल, तुझी बहीण कुठं दिली आहे याचा नसेल, असं मी म्हणालो. ते काही वेळ पन्ह्याचा ग्लास फिरवत राहिले. मग, इतक्या वर्षांनी, त्या पेनल्टीचं सांगायला लागले. आमच्या फॉरवर्डचा पाय आधीच दुमडला होता, धक्का नंतर लागला. ते डाव्या बाजूला होते म्हणून त्यांना दिसलं, गॅलरी उजवीकडं होती. महिन्यापूर्वीच्या सामन्यात धक्का आधी होता. एवढंच. मी वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "खोटं बोलतोय. पाय दुमडला नव्हता."

वडिलांचं जाऊ द्या. माझा प्रस्ताव मी आप्पांपुढं ठेवलाच. मैदानावर समालोचनाचा माईक असतो. मोठा निर्णय झाला, लाल कार्ड म्हणा, पेनल्टी म्हणा, की अर्धं मिनिट तो माईक पंचाच्या हातात द्यायचा, त्यानं सांगायचं काय बघितलं ते. माईक ऐन वेळी बंद पडेल, हलगीवाले थांबणार नाहीत, हे सगळं गृहीत धरून. आप्पांनी ऐकून घेतलं, ग्लास खाली ठेवला, आणि म्हणाले, "मला माईक दिला आसता तर मी आदी गॅलरीतल्या एकेकाच्या आईची खुशाली इचारली आसती. मग पेनल्टीचं."